विलास की राज्यव्यवहार? : ‘घाशीराम कोतवाल’ आणि लैंगिकतेचे राजकारण

‘घाशीराम कोतवाल’ या नाटकावर आजवर झालेले लेखन मुख्यतः दोन प्रश्नांभोवती फिरताना दिसते. पहिला प्रश्न इतिहासाचा आहे : नाना फडणवीस खरोखरच असे होते काय? दुसरा सत्तेचा आहे : सत्ताधीश आपल्या सोयीसाठी एखादा घाशीराम कसा उभा करतात आणि सोय संपताच त्याला जमावाच्या हाती कसा देतात? पहिला प्रश्न नाटकाच्या विरोधकांनी विचारला, दुसरा समर्थकांनी. या दोन पक्षांत कितीही अंतर असले तरी एका बाबतीत त्यांचे न बोलता एकमत झालेले आहे. नाटकातील नानांची स्त्रीलोलुपता हा त्यांच्या स्वभावाचा भाग आहे, असे दोघेही गृहीत धरून चालतात. विरोधकांच्या मते तो एका थोर मुत्सद्द्यावर केलेला खोटा आरोप होय. समर्थकांच्या मते ती नाट्यगत नानांची दुर्बलता, किंवा फार तर सत्तेच्या हावेचे प्रतीक. कामसंबंधांचे नियमन, वाटप आणि विनिमय ही राज्य चालवण्याचीच एक रीत असू शकते, ही शक्यता दोघांच्याही विचारकक्षेबाहेर राहते. विजय तेंडुलकरांची संहिता मात्र ती शक्यता उघडपणे मांडते, आणि अठराव्या शतकातील पुण्याच्या कागदपत्रांतून तिला जो आधार मिळतो तो नाटककाराच्याही अपेक्षेपलीकडचा आहे, असे प्रस्तुत लेखकाला वाटते.

वादाचा तपशील सर्वपरिचित आहे, म्हणून तो थोडक्यात नोंदवतो. प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशनने जब्बार पटेल यांच्या दिग्दर्शनाखाली १६ डिसेंबर १९७२ रोजी पुण्यात नाटकाचा पहिला प्रयोग केला. एकोणीस प्रयोगांनंतर संस्थेने ते थांबवले. त्यातून बाहेर पडलेल्या कलावंतांनी १९७३ मध्ये थिएटर अकॅडमी स्थापन केली आणि १९७४ च्या जानेवारीत नाटक पुन्हा रंगभूमीवर आले. १९८० मधील परदेश दौऱ्याच्या वेळी तोच वाद पुन्हा पेटला. आक्षेप दोन होते : नानांची बदनामी आणि ब्राह्मण समाजाची बदनामी. या दोन्ही आक्षेपांत बदनामीचा अर्थ एकच होता, तो म्हणजे लैंगिक चारित्र्यावर आलेला डाग. कोंडलेल्या ब्राह्मणांचा मृत्यू, उकळत्या रागाने केलेले दिव्य, सत्ताधाऱ्याने सहकाऱ्याचा घेतलेला बळी, यांपैकी कशानेही नानांच्या नावाला तितका धक्का पोहोचला नाही, जितका त्यांना लावणीवर नाचताना पाहून पोहोचला. राज्यकर्त्याने माणसे मारली तर ते राजकारण, आणि त्याने एखादी मुलगी भोगली तर ते चारित्र्य, अशी ही वाटणी आहे. नाटकाच्या समर्थकांनीही ती वाटणी मोडली नाही. हे नाटक ऐतिहासिक नाही, विशिष्ट समाजस्थितीतून घाशीराम आणि नाना निर्माण होतात, अशी तेंडुलकरांची भूमिका होती. तिचा आधार घेऊन समर्थकांनी नाटकाला सार्वकालिक सत्तानाट्य ठरवले. काहींनी त्यात १९६६ नंतरच्या मुंबईतील आक्रमक राजकारणाची सावली पाहिली. ते वाचन चुकीचे नाही. परंतु त्यात गौरी हे केवळ एक निमित्त होऊन बसते, सत्तेचे यंत्र सुरू करून देणारी एक किल्ली.

आता संहितेकडे वळू. कनौजहून पुण्यात आलेला घाशीराम सावळदास प्रथम गुलाबीच्या आश्रयाने बावनखणीत राहतो. नानांनी खूश होऊन दिलेला हार गुलाबी त्याच्याकडून हिसकावून घेते. पुढे दक्षिणेच्या वेळी त्याच्यावर चोरीचा आळ येतो, त्याला मार बसतो, शहराबाहेर हाकलले जाते. सूडाच्या भावनेने तो परत येतो तेव्हा त्याच्यापाशी पैसा नाही, जातीचा आधार नाही, शस्त्र नाही. त्याच्यापाशी एकच विनिमययोग्य वस्तू आहे : ललितागौरी ही मुलगी. ती तो नानांना देतो आणि कोतवालीची सनद मिळवतो. हा व्यवहार मंचावर इतक्या सरळपणे दाखवला जातो की प्रेक्षकाला त्यात अधिक काही शोधावेसे वाटत नाही. बाप अधम, नाना लंपट, मुलगी बिचारी, एवढ्यावर तो समाधान मानतो.

पण सनद दिल्यानंतरचे नानांचे स्वगत लक्षपूर्वक वाचावे. घाशीरामने आपल्याला मोहात पाडून सनद मिळवली, असे नाना क्षणभरही समजत नाहीत. एक परका माणूस कोतवाल झाला म्हणजे पुण्यातील ब्राह्मणांवर आणि सरदारांवर परस्पर वचक बसेल, आपल्या पापांचा जाब त्याला विचारला जाईल, आणि त्याला कोणाचाही आधार नसल्यामुळे तो कायम आपल्या मुठीत राहील, असा त्यांचा हिशेब आहे. म्हणजे गौरी मिळाली नसती तरी घाशीराम नानांच्या उपयोगाचा होताच. मग मुलीचे प्रयोजन काय? तिच्यामुळे या नेमणुकीला लोकांना पटणारे एक कारण मिळते. अख्खे पुणे कुजबुजते की नाना त्या पोरीवर भाळले आणि म्हणून हा परदेशी कोतवाल झाला. वासनेची ही चर्चा जितकी चविष्ट, तितका त्यामागचा राजकीय हिशेब सुरक्षित. नानांची कामुकता खोटी आहे असे मला म्हणायचे नाही. नाटकात ती पुरेशी खरी आहे. परंतु तीच त्यांच्या मुत्सद्देगिरीचा पडदा होते. राज्यकर्ता मोहाला बळी पडला, हे स्पष्टीकरण राज्याला निर्दोष सोडते, कारण दोष मग एका माणसाच्या इंद्रियांचा ठरतो. समीक्षेने नानांच्या लंपटपणाला स्वभावदोष म्हटले तेव्हा पुण्यातल्या कुजबुजीनेच शास्त्रीय भाषा धारण केली, असे म्हणावे लागते.

कोतवाल झाल्यावर घाशीराम काय करतो, हे त्याहून महत्त्वाचे आहे. तो कर वाढवत नाही, सैन्य उभारत नाही. तो शहराच्या अंथरुणांवर पहारा बसवतो. बावनखणीला जाण्यास बंदी येते. कोणत्या स्त्रीकडे कोणी जावे, यासाठी परवाना लागतो. रात्रीच्या गस्तीत तो झोपलेल्या घरांची दारे ठोठावतो आणि आतली बाई ही लग्नाची बायको असल्याचा पुरावा मागतो. हा प्रसंग प्रयोगात हशा घेतो. हशा ओसरल्यावर ध्यानात येते की येथे बंदी आणि मुभा या परस्परविरोधी गोष्टी राहिलेल्या नाहीत. परवाना देणारा हात आणि चाबूक उगारणारा हात एकच आहे. किंबहुना बंदी असल्याशिवाय परवान्याला किंमतच येत नाही. आणि ज्या वाड्यात या साऱ्या बंदोबस्ताचे मूळ आहे त्या वाड्याच्या दाराला मात्र गस्त कधी लागत नाही.

हे सर्व नाटककाराच्या कल्पनेतून आले असे मानण्याचे कारण नाही. ऐतिहासिक घाशीराम १७७७ पासून १७९१ पर्यंत पुण्याचा कोतवाल होता, आणि त्या कोतवालीचे कागद उपलब्ध आहेत. न. के. वागळे यांनी त्या कागदांतील स्त्रियांविषयीच्या नोंदींचा अभ्यास केला. व्ही. एस. कदम यांनी १९८८ मध्ये अठराव्या शतकातील विवाहसंस्था आणि स्त्रियांचे स्थान या विषयावर लिहिताना पेशवे दफ्तरातून जे पुढे आणले ते मराठी समीक्षकांनी मुळातून वाचण्यासारखे आहे. ‘बदकर्म’ किंवा ‘बदअंमल’ हा त्या काळी केवळ घराचा वा जातीचा प्रश्न नव्हता. तो सरकारच्या दखलेचा गुन्हा होता. त्याचा दंड सरकारजमा होई. शिक्षा जात आणि प्रतिष्ठा पाहून बदले. आणि अनेक प्रकरणांत अशा स्त्रीला कुणबीण करून सरकारी कोठीत, पागेत, किल्ल्यांवर कामाला लावले जाई किंवा कोणाच्या तरी घरी दिले जाई. कुणबिणी आणि बटकी यांची खरेदी-विक्री होत असे, त्या बक्षीस म्हणून दिल्या जात, आणि बटकीची मुलेही मालकाचीच गणली जात. सुमित गुहा यांनी पश्चिम भारतातील गुलामगिरी आणि राज्यसंस्था यांच्या संबंधांवर जे लिहिले आहे त्यातूनही हेच दिसते की हा व्यवहार राज्याच्या नजरेआड चालणारा नव्हता. राज्य त्यात स्वतः एक भागीदार होते.

या नोंदींचा अर्थ काय लावावा? एका स्त्रीने विवाहाबाहेर संबंध ठेवला म्हणून तिला शिक्षा होते, आणि शिक्षेचे स्वरूप असे की यापुढे तिच्या देहावर तिचा वा तिच्या कुळाचा कोणताही दावा राहू नये, तो सरकारचा किंवा सरकार ज्याला देईल त्याचा असावा. ज्या गोष्टीसाठी ती दोषी ठरली तीच गोष्ट आता तिच्यावर कोणीही लादू शकेल, आणि ते बदकर्म ठरणार नाही. नीतीच्या भाषेत सुरू झालेली कारवाई अशा रीतीने मालमत्तेच्या भाषेत संपते. उमा चक्रवर्ती यांनी १९९५ मधील आपल्या निबंधात पेशवाईतील पत्नीत्व, वैधव्य आणि व्यभिचार यांवरील राज्याच्या देखरेखीचा संबंध ब्राह्मण्याच्या रक्षणाशी जोडला आहे. धर्मरक्षण हे ज्या राज्याचे अधिष्ठान आहे त्याला स्त्रियांच्या लैंगिकतेवर लक्ष ठेवणे ही गौण नव्हे, तर मुख्य जबाबदारी वाटते, हा त्यांच्या प्रतिपादनाचा गाभा आहे. तेंडुलकरांचा कोतवाल जेव्हा बायको असल्याचा पुरावा मागतो तेव्हा तो विक्षिप्तपणा करत नसतो. आपले नेमून दिलेले काम तो अतिरेकाने करत असतो.

या ठिकाणी मिशेल फुको यांचे नाव घेतले जाणे साहजिक आहे. १९७६ साली प्रसिद्ध झालेल्या लैंगिकतेच्या इतिहासाच्या पहिल्या खंडात त्यांनी सत्तेचे दमनवादी आकलन नाकारले. सत्ता केवळ ‘नाही’ म्हणत नाही. ती विचारते, नोंदवते, वर्गीकरण करते, बोलायला लावते, हे त्यांचे म्हणणे घाशीरामच्या परवान्यांना चपखल लागू पडते. परंतु आपल्याकडील अभ्यासकांनी फुकोंपाशी थांबण्याचे कारण नाही. त्यांच्या विवेचनात जात नाही, आणि असण्याचे कारणही नव्हते. डॉ. आंबेडकरांनी १९१६ मध्ये कोलंबिया विद्यापीठात वाचलेल्या जातिविषयक निबंधात हाच प्रश्न साठ वर्षे आधी आणि अधिक मूलगामी पद्धतीने मांडला होता. अंतर्गत विवाह टिकवायचा तर स्त्री-पुरुषांच्या संख्येतला तोल राखावा लागतो. जोडीदार गेल्यावर उरणारी ‘जादा’ स्त्री आणि ‘जादा’ पुरुष यांची व्यवस्था लावावी लागते. सती, सक्तीचे वैधव्य आणि बालविवाह या त्या व्यवस्थेच्या रीती होत, अशी ती मांडणी आहे. येथे लैंगिकतेचे नियमन हा जातीचा परिणाम नाही; ते जातीचे उत्पादनसाधन आहे. मराठी समीक्षेने हा निबंध समाजशास्त्राच्या खात्यावर टाकला आणि नाट्यविचारासाठी पॅरिसची वाट धरली, ही मला थोडी खेदाची गोष्ट वाटते.

आंबेडकरांची ही मांडणी हाताशी असली म्हणजे नाटकातील एका दुर्लक्षित प्रसंगाचे महत्त्व कळते. एकीकडे गौरी नानांच्या ताब्यात असताना दुसरीकडे नाना आणखी एक लग्न करतात. वधू कोवळ्या वयाची आहे. मंगलाष्टके होतात, ब्राह्मण भोजने होतात, सगळे रीतसर. (इतिहासातील नानांनीही अनेक विवाह केले होते, आणि १८०० मध्ये ते वारले तेव्हा त्यांची अखेरची पत्नी जिऊबाई लहान वयाची होती.) दोन मुली, एकच पुरुष, एकीचा भोग लंपटपणा ठरतो आणि दुसरीचा संस्कार. बदनामीचा आक्षेप घेणाऱ्यांना या लग्नाचे काही वाटले नाही, कारण त्यात शास्त्राचे उल्लंघन नव्हते. परंतु तेंडुलकरांनी ते लग्न गौरीच्या शेवटाजवळ आणून ठेवले आहे. लंपटपणा आणि संस्कार हे एकाच व्यवस्थेचे दोन दरवाजे आहेत, हे त्यांनी केवळ प्रसंगांच्या शेजारातून सुचवले, आणि माझ्या मते नाटकातील सर्वांत धारदार राजकीय विधान हेच आहे.

गणपतीसमोरचा प्रसंगही याच संदर्भात पाहावा. वाड्यातील उत्सवात नाना गौरीला एकटी गाठतात. ती देवाकडे बोट दाखवते : तो पाहतो आहे. नाना उत्तरादाखल मूर्तीच्या दोन बाजूंच्या दोन पत्नींकडे लक्ष वेधतात. येथे देवाची थट्टा झाली म्हणून अनेकांचे मन दुखावले. वस्तुतः थट्टा गौरीच्या साक्षीदाराची आहे. जिच्या बाजूने बोलणारे कोणी नाही तिने एका अंतिम साक्षीदाराला हाक मारली, आणि सत्तेने तो साक्षीदारच आपल्या पंक्तीला बसवून घेतला. कीर्तनाची चाल लावणीत आणि लावणीची अभंगात मिसळण्याची जी युक्ती नाटकभर वापरली आहे तिचे प्रयोजनही हेच असावे. भास्कर चंदावरकरांच्या संगीताने ती इतकी सहज केली की तिच्यातला बोचरेपणा पुष्कळदा गोडव्यात विरून जातो.

विलासाच्या या व्याख्येने नाट्यसमीक्षेपुरतेच नव्हे, तर इतिहासलेखनाचेही नुकसान केले आहे. १८१८ मध्ये पेशवाई का बुडाली, या प्रश्नाचे शाळकरी उत्तर दुसऱ्या बाजीरावाच्या ऐषआरामात शोधले जाते. ते उत्तर जेत्यांना सोयीचे होते, कारण विलासी राजाचे राज्य घेणे हा विजय न राहता उपकार ठरतो. आणि पुढे ते राष्ट्रवादी लेखकांनाही सोयीचे झाले, कारण एका माणसाच्या माथी सारे मारले म्हणजे आधीचे राज्य निष्कलंक राहते. बटकी आणि कुणबिणींच्या नोंदी मात्र केवळ बाजीरावाच्या कारकिर्दीतल्या नाहीत. ज्या कारकिर्दी शिस्तीच्या आणि न्यायाच्या म्हणून गौरवल्या जातात त्यांच्या रोजनिशीतही त्या आहेत. तेथे विलास नव्हता; तेथे कारभार होता.

परवान्याची ही रीत पेशवाईबरोबर संपली असेही नाही. २००५ मध्ये महाराष्ट्र सरकारने मुंबई पोलीस कायद्यात दुरुस्ती करून बारमधील नृत्यावर बंदी घातली तेव्हा तीन आणि त्याहून अधिक तारांकित हॉटेलांना तीतून वगळले होते. उच्च न्यायालयाने २००६ मध्ये ही बंदी रद्द ठरवली आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये तो निर्णय कायम केला. त्यानंतरही नव्या कायद्यांची आणि अटींची मालिका चालू राहिली, आणि २०१९ मध्ये न्यायालयाला पुन्हा त्या अटींपैकी काही रद्द कराव्या लागल्या. काळ, कायदा आणि न्यायसंस्था सर्वस्वी वेगळ्या असल्याने या दोन उदाहरणांची सरसकट बरोबरी करता येणार नाही. तरीही एका वाड्याला गस्तीतून वगळण्याची कल्पना तारांकित सवलतीपेक्षा फार दूरची वाटत नाही.

येथवर मी नाटकाच्या बाजूने बोलत आलो. परंतु ज्या कसोटीवर समीक्षेला तपासले तीच नाटकालाही लावली पाहिजे. कागदपत्रांतील कुणबिणी आणि बटकी बहुसंख्येने कनिष्ठ जातींतल्या आहेत. नाटकात ज्या स्त्रीच्या दुःखाला वजन आहे ती ब्राह्मणाची मुलगी आहे. कनिष्ठ स्तरातील स्त्री नाटकात आहे, पण ती गुलाबी आहे : नखरेल, धूर्त, गुंडांकरवी हार लुबाडणारी. तिचा देह बाजारात कसा आला, बावनखणी कोणाच्या आश्रयावर आणि कोणत्या धाकाखाली चालत होती, हे नाटक विचारत नाही. शर्मिला रेगे यांनी १९९५ मध्येच दाखवून दिले की पेशवेकालीन लावणीने कनिष्ठ जातींतील स्त्रियांची सदैव कामातुर आणि सदैव उपलब्ध अशी जी प्रतिमा घडवली, ती त्या स्त्रियांचे श्रम आणि देह राज्याने व सवर्ण पुरुषांनी ताब्यात घेण्याला समर्थन पुरवणारी होती. लावणीचा विचार आपण म. वा. धोंडांच्या ‘मऱ्हाटी लावणी’पासून (१९५६) मुख्यतः तिच्या घडणीच्या, चालीच्या आणि शृंगाराच्या अंगाने करत आलो. तो विचार मोलाचा आहे. पण रामजोशी किंवा होनाजी यांच्या रचनांतील स्त्री ‘बोलते’ असे आपण म्हणतो तेव्हा तिच्या तोंडी शब्द घालणारा, तो सादर करणारी आणि त्यावर दौलतजादा करणारा यांच्यातील नाते काय होते, हे विचारले जात नाही. ‘घाशीराम’नेही लावणी उचलली ती या प्रश्नासकट नव्हे. गुलाबी ही लावणीतली ठरीव स्त्री म्हणूनच मंचावर येते आणि तशीच जाते.

गौरीचे तरी काय? देवाला साक्ष ठेवणारी मोजकी वाक्ये सोडली तर तिच्या तोंडी जवळजवळ काही नाही. ती दिली जाते, नाचवली जाते, आणि मग तिच्या मृत्यूची बातमी सुईणीकडून कळते. ज्या व्यवहारात तिला बोलण्याची जागा नव्हती त्या व्यवहाराचे हे प्रामाणिक चित्रण आहे, असा बचाव करता येईल, आणि तो काही अंशी मला मान्य आहे. तिच्या तोंडी एखादे ज्वलंत भाषण घातले असते तर नाटक स्वस्त झाले असते. परंतु तिच्या मृत्यूनंतर नाटकाचे केंद्र घाशीरामच्या शोकाकडे आणि क्रौर्याकडे सरकते. मुलगी गमावलेला बाप म्हणून त्याला एक शोकात्म उंची मिळते. ज्याने तिला दिले त्यालाच तिच्या नाशाचा वारसाहक्क मिळतो. विनिमयाची ही शेवटची पायरी नाटककाराच्या नजरेतून सुटली असावी.

प्रयोगाच्या बाबतीत प्रश्न आणखी अवघड होतो. ब्राह्मणांची ती प्रसिद्ध मानवी भिंत कधी पाठ फिरवून लपवते, कधी तोंड वळवून पाहते. कृष्णदेव मुळगुंदांच्या नृत्यरचनेत तिचे डोलणे इतके मोहक आहे की आपणही पायाने ठेका धरतो. बावनखणीची लावणी सुरू होते तेव्हा ती नानांसाठी आणि भिंतीतल्या ब्राह्मणांसाठी असते, हे खरे. पण तिच्यासाठी तिकीट आपण काढलेले असते. नाटकाला देशात आणि परदेशात जे यश मिळाले त्यातील किती भाग त्याच्या राजकीय आशयाचा आणि किती या ठेक्याचा, हे वेगळे काढणे शक्य नाही. एखाद्या दिग्दर्शकाने गुलाबीची लावणी भिंतीच्या पलीकडे ठेवून, आपल्याला फक्त पाहणाऱ्यांच्या पाठी दाखवून हा प्रवेश करून पाहावा, असे मला अनेकदा वाटले आहे. संहितेत त्याला अडकाठी करणारे काही नाही. घाशीराम मारला गेल्यावर नाना लोकांना उत्सवाचा हुकूम देतात आणि सगळे रंगमंचावर नाचू लागतात. त्या नाचातही गौरीचे नाव कोणी घेत नाही.